पडदा नेमका कुठे बांधायचा? सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश संगीतग्रंथाची सोपी ओळख

स्वर तपासून देणारी मोबाइल ॲप्स आता गाणे शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताशी असतात, आणि त्यांच्यामुळे एक जुनाच गोंधळ नव्याने घरोघरी पोचला आहे. तानपुरा नीट जुळला की त्याच्या खर्जातून कोणीही न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. या गांधाराशी गळा तंतोतंत मिळवावा, तर ॲपचा काटा ‘स्वर उतरला’ असे दाखवतो, आणि काटा मधोमध आणावा, तर तानपुऱ्याशी स्वर घासतो. विद्यार्थ्याने विश्वास कोणावर ठेवायचा? हार्मोनियमवरून आपल्याकडे हाच वाद पूर्वी इतका तापला होता, की १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर त्या पेटीला बंदी होती. मींड निघत नाही या आक्षेपाबरोबरच तिचे स्वर मुळात शुद्ध नाहीत, हाही एक आक्षेप तेव्हा घेतला जात असे.

हा पेच आपल्यापुरता नाही आणि हार्मोनियमइतका अलीकडचाही नाही. दक्षिण स्पेनमधील ओसुना या गावी १५५५ साली छापलेल्या एका जाडजूड स्पॅनिश ग्रंथात हुआन बेर्मुदो नावाचा फ्रान्सिस्कन साधू याच पेचाशी झगडताना दिसतो. ग्रंथाचे नाव ‘देक्लारासिओन दे इन्स्त्रुमेंतोस मुसिकालेस’, म्हणजे वाद्यांचे विवरण. नावावरून तो वादनाची शिकवणी वाटतो. प्रत्यक्षात संगीत हे शास्त्र म्हणून काय आहे, ते लॅटिन न जाणणाऱ्या माणसाला समजावून देण्याचा तो मोठा खटाटोप आहे.

संगीताला ‘शास्त्र’ म्हणायचे कशासाठी?

पहिली शंका इथेच येते. गाणे ही कला आहे, ती कानाला गोड लागली की झाले, त्यात शास्त्र कुठून आले? मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांचे उत्तर आपल्याला चमत्कारिक वाटेल. तिथे अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल हे चार विषय एका गटात शिकवले जात, आणि त्या गटातील संगीत म्हणजे गाणे-वाजवणे नसून स्वरांमधील अंतरांचे गणित होते. सालामांका विद्यापीठात १२५४ साली संगीताचे अध्यापनपद निर्माण झाले, ते याच विचारातून. सहाव्या शतकातील बोएथियस हा या परंपरेचा प्रमाणग्रंथकार. स्वरांची प्रमाणे जाणतो तोच खरा संगीतज्ञ, नुसता गाणारा किंवा वाजवणारा नव्हे, अशी त्याची शिकवण होती आणि ती हजार वर्षे उगाळली गेली.

हे गणित मुळात फार साधे आहे. एक ताणलेली तार छेडा आणि तिला सा म्हणा. बरोबर मधोमध दाबून अर्धी तार छेडली तर वरचा सा मिळतो. दोनतृतीयांश तार छेडली तर पंचम, आणि तीनचतुर्थांश छेडली तर मध्यम मिळतो. कानाला अत्यंत गोड लागणारी अंतरे आणि तारेच्या लांबीची अत्यंत सोपी प्रमाणे ही एकच निघतात, या शोधाचे श्रेय ग्रीक परंपरेने पायथागोरसला दिले. स्वर म्हणजे सेकंदाला होणारी इतकी इतकी कंपने, ही समज सतराव्या शतकात आली. बेर्मुदोच्या काळी मोजायला होती ती फक्त तार. पण कंपास आणि पट्टी घेऊन जे पडताळता येते त्याला शास्त्र म्हणावे, असे तेव्हा मानले जात होते, आणि त्या अर्थाने संगीत खगोलाच्या शेजारी बसत होते.

मग ते लॅटिनमध्ये का लिहिले नाही?

शास्त्र लॅटिनमध्ये आणि व्यवहार बोलीत, ही तेव्हाची वाटणी होती. बाएसा गावचा रामोस दे पारेहा १४८२ साली बोलोन्यात संगीतावर क्रांतिकारक पुस्तक छापतो, ते लॅटिनमध्ये. सालामांकाचा अंध प्राध्यापक फ्रान्सिस्को सालिनास १५७७ साली सात खंडांचा ग्रंथ लिहितो, तोही लॅटिनमध्ये, जरी त्यात उदाहरणांसाठी त्याने कास्तीलमधील लोकगीतांच्या चाली उचलल्या होत्या. स्पॅनिशमध्ये संगीताचे मुद्रित पुस्तक नव्हतेच असे नाही. दोमिंगो मार्कोस दुरान याचे ‘लुक्स बेल्या’ १४९२ साली सेव्हियात छापले गेले, पण ते चर्चमधील एकसुरी गायनापुरते, लहानसे पुस्तक होते. गणितापासून वाद्यांपर्यंत सगळे एकत्र आणि देशी भाषेत सांगण्याचे धाडस बेर्मुदोच्या पुस्तकाइतक्या प्रमाणात त्याआधी झाले नव्हते.

बेर्मुदोचा जन्म १५१०च्या सुमारास एसिहा गावचा. त्याने अल्काला दे एनारेस येथे गणिताचा अभ्यास केला होता. पुढे दीर्घ आजारपणामुळे मठातील नेहमीची कामे करता येईनात, तेव्हा त्याने संगीताची पुस्तके वाचायला घेतली, असे तो स्वतः सांगतो. ओसुनात नुकतेच, १५४८ साली, विद्यापीठ स्थापन झाले होते आणि हुआन दे लेओन हा मुद्रक तिथे काम करीत होता. त्याच्याच छापखान्यात १५४९ साली ग्रंथाचा पहिला भाग, १५५० साली ‘आर्ते त्रिफारिआ’ हे छोटे पुस्तक आणि १५५५ साली पाच भागांचा विस्तारित ग्रंथ छापला गेला. यातले छोटे पुस्तक मोंतिया येथील एका मठाच्या प्रमुख साध्वीसाठी लिहिलेले आहे, आणि भाषेच्या निवडीमागचे कारण मला त्यातच दिसते. मठातील ज्या साध्वीला प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवायचा आहे, तिला बोएथियसची लॅटिन वाक्ये काय कामाची?

दुसरे कारण तो उघडपणे मांडतो आणि ते वाचताना मराठी वाचकाच्या ओठांवर हसू उमटेल. मोठमोठे वादक आपली विद्या कोणाला देत नाहीत आणि संगीतातील कितीतरी रहस्ये त्या माणसाबरोबरच मरून जातात, याची त्याला खंत आहे. घराण्यांच्या कोठीत बंद असलेल्या चिजा मिळवताना भातखंड्यांनी जे अनुभवले, त्याची ही स्पॅनिश आवृत्ती म्हणायला हरकत नाही. भातखंड्यांनीही मान्यतेसाठी संस्कृतात ‘लक्ष्यसंगीत’ रचले आणि समजावणीसाठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून लिहिले. बेर्मुदोने मान्यतेसाठी वेगळा मार्ग धरला. त्याने त्या काळच्या स्पेनमधील श्रेष्ठ रचनाकाराची, क्रिस्तोबाल दे मोरालेसची, शिफारस मिळवून ती ग्रंथात छापली. मोरालेसने ती १५५० साली लिहिली आणि १५५३ साली तो वारला. म्हणजे पूर्ण ग्रंथ वाचकाच्या हाती पडला तेव्हा शिफारस करणारा हयात नव्हता.

१५४९च्या भागाची अर्पणपत्रिका पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या नावे आहे. त्याच राजाचा अंमल तेव्हा गोव्यावर होता. बेर्मुदो ज्या उत्-रे-मी-फा-सोल-ला या सहा नावांनी स्वर शिकवतो, त्यांचीच पुढची पिढी गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांच्या तोंडी रुळली. सहाच नावे का, तर निषादाला स्वतंत्र नाव नव्हते. सूर वर गेला की गायक मनातल्या मनात ‘उत्’ची जागा बदलून पुन्हा तीच नावे वापरत असे. यातले ‘मी’ ते ‘फा’ हे अंतर म्हणजे आपले शुद्ध गांधार ते शुद्ध मध्यम, एवढे पुढच्यासाठी ध्यानात ठेवावे.

पंचमांची साखळी आणि न जुळणारा तुकडा

आता खऱ्या अडचणीकडे. सा पासून पंचम काढला, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम काढला, आणि असे बारा वेळा केले, तर सगळे बारा स्वर मिळून शेवटी आपण पुन्हा सा वर यायला हवे. आपल्याकडे यालाच षड्ज-पंचम भाव म्हणतात. प्रत्येक पंचम म्हणजे दीडपट, तेव्हा बारा पंचम म्हणजे एकाला दीडने बारा वेळा गुणणे. उत्तर सुमारे १२९.७५ येते. तेवढ्याच प्रवासात सात सप्तके ओलांडली जातात, आणि प्रत्येक सप्तक म्हणजे दुप्पट, म्हणजे सात वेळा दुप्पट, उत्तर १२८. दोन्ही सारखे यायला हवेत आणि ते येत नाहीत. शेवटचा सा पहिल्यापेक्षा किंचित चढा निघतो. या किंचित फरकाला ‘कॉमा’ म्हणतात.

ही काही मोजमापातली चूक नव्हे. आपल्या पंचांगात असाच प्रकार आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. चंद्र चुकत नाही आणि सूर्यही चुकत नाही, पण एकाच्या मापात दुसरा बसत नाही. मग पंचांगकर्ते साचलेला फरक अधिक महिन्यात टाकतात: उरलेले महिने चंद्राशी प्रामाणिक राहतात आणि एकाच ठिकाणी मोठा जोड दिसतो. इंग्रजी दिनदर्शिकेने दुसरा मार्ग धरला. तिथे महिने तीस-एकतीस दिवसांचे करून फरक सगळीकडे पसरला. जोड दिसत नाही, पण कोणत्याच महिन्याचा चंद्राशी संबंध उरला नाही. वाद्य जुळवणाऱ्यासमोरही हेच दोन मार्ग असतात. अकरा पंचम शुद्ध ठेवून सगळा दोष एका कोपऱ्यात ढकलावा, म्हणजे त्या कोपऱ्यातला पंचम लांडग्यासारखा ओरडतो, किंवा सगळेच पंचम थोडे थोडे बिघडवावे. आजचा पियानो, हार्मोनियम आणि तुमचे ॲप या दुसऱ्या मार्गाने जातात.

यात आणखी एक काटा आहे. पंचमांच्या साखळीतून चौथ्या पायरीवर जो गांधार मिळतो, तो तानपुऱ्यातल्या स्वयंभू गांधारापेक्षा चढा असतो. साखळीच्या हिशेबाने त्याचे प्रमाण ८१:६४ असे अवघड येते, तर स्वयंभू गांधाराचे ५:४ इतके सोपे. रामोसने १४८२ मध्ये सुचवले ते हेच: जुनी साखळी सोडा आणि गांधार सरळ ५:४ घ्या. त्यावरून इटलीत मोठी वादावादी झाली. बेर्मुदो मात्र मोजणीची सुरुवात जुन्या साखळीनेच करतो, आणि माझ्या मते इथे त्याचे शास्त्र त्याच्याच काळच्या कानांच्या एक पाऊल मागे आहे.

७२ सेंटिमीटरची तात

त्याचे खरे मोल कळते ते तो कागदावरचे प्रमाण विहुएलाच्या मानेवर उतरवतो तेव्हा. विहुएला हे गिटारच्या आकाराचे, तातेच्या म्हणजे आतड्यापासून केलेल्या तारांच्या सहा जोड्यांचे वाद्य. स्पेनच्या दरबारी घरांत त्याला तोच मान होता जो इतरत्र ल्यूटला. सतारीसारखेच त्याचे पडदे मानेवर बांधलेले असत, फक्त ते धातूचे नसून तातेचेच असत आणि बोटाने सरकवता येत. तेव्हा ‘पडदा कुठे बांधायचा?’ हा प्रश्न प्रत्येक वादकाला स्वतःच सोडवावा लागे.

समजा मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत तात ७२ सेंटिमीटर आहे. तिचे नऊ भाग करा. पहिल्या भागाच्या शेवटी, म्हणजे ८ सेंटिमीटरवर, दुसरा पडदा, आणि तो शुद्ध ऋषभ. उरलेल्या ६४ सेंटिमीटरचे पुन्हा नऊ भाग करून एक घ्या, १५.११ सेंटिमीटरवर चौथा पडदा, साखळीतला गांधार. पूर्ण तातेचे चार भाग केले की १८ सेंटिमीटरवर पाचवा पडदा, मध्यम, आणि तीन भाग केले की २४ सेंटिमीटरवर सातवा, पंचम. इथवर कंपास हाती असलेला कोणीही पोचेल. स्वयंभू गांधार हवा असेल तर मात्र तातेचे पाच भाग करून १४.४ सेंटिमीटरवर पडदा बांधावा लागेल, साखळीच्या जागेपासून तब्बल सात मिलिमीटर अलीकडे.

खरी गंमत पहिल्या पडद्याची आहे. पायथागोरसच्या हिशेबात अर्धा स्वर एकच नसतो. ‘मी’ ते ‘फा’ हा लहान अर्धा स्वर आणि एकाच स्वराच्या शुद्ध रूपापासून तीव्र रूपापर्यंतचा मोठा अर्धा स्वर, असे दोन असतात. लहान हवा तर पहिला पडदा ३.६६ सेंटिमीटरवर, मोठा हवा तर ४.५८ सेंटिमीटरवर. विहुएलाच्या एका सर्वसाधारण जुळणीत तिसऱ्या जोडीला या पडद्यावर लहान अर्धा स्वर लागतो आणि तिच्या लगतच्या चौथ्या जोडीला मोठा. पडदा तर दोन्हींखालून आडवा जाणारा एकच तुकडा आहे. एकाच वेळी तो नऊ मिलिमीटर अंतरावरच्या दोन जागी कसा असणार?

कान असताना कंपास कशाला?

वादक म्हणेल, की हे सगळे मोजत बसण्यापेक्षा कानाने जुळवावे. गायकाच्या बाबतीत हे पूर्णपणे खरे आहे. गळ्याला पडदे नसतात, आणि चांगला गायक प्रत्येक वेळी सोबतच्या स्वराला जुळेल असा गांधार लावतो. ऑर्गन वाजवणाऱ्याला ही मुभा अजिबात नाही, कारण नळी एकदा जुळवली की प्रार्थना संपेपर्यंत ती तशीच. विहुएलावाला या दोघांच्या मध्ये अडकलेला असतो, आणि त्याच्या कानाला नेमके काय बोचते आहे हे त्याला कंपासशिवाय कळत नाही.

व्यवहारात वादक काय करीत, याचा एक सुंदर पुरावा लुइस मिलानच्या १५३६ सालच्या विहुएला-पुस्तकात आहे. काही रचनांपूर्वी तो सरळ सूचना देतो, की चौथा पडदा थोडा वर सरकवून घ्या. कारणाचा गणिती पाढा तो वाचत नाही. बेर्मुदोने जे केले ते याच्या उलट आहे: तो पडदा का सरकवावा लागतो, हे तो सांगतो, आणि शुद्ध मापे जराशी बिघडवून पडदे जास्तीत जास्त ठिकाणी चालतील असे कसे बांधावेत, याचाही विचार करतो. शास्त्रावर निष्ठा ठेवणाऱ्या माणसाने शास्त्राला हाताच्या सोयीसाठी वाकवायला तयार व्हावे, हे मला त्या ग्रंथातील सर्वांत मोकळे स्थान वाटते.

पण यात त्याचे स्वतःचे किती?

हा आक्षेप अनेकदा घेतला जातो आणि तो खोटा नाही. प्रमाणांचे गणित बोएथियसचे, स्वरनावे अकराव्या शतकातील ग्विदोच्या परंपरेतली, आणि बेर्मुदो ही उसनवारी लपवत नाही. त्याचे स्वतःचे आहे ते शिकवणे. तेव्हा विहुएलाला ठरलेली पट्टी नव्हती. वरची तात तुटणार नाही इतपत चढवावी आणि बाकीच्या तिच्याशी मिळवाव्यात, असा शिरस्ता होता. साहजिकच एकाच वेळी गायल्या जाणाऱ्या चार आवाजांच्या ओळी वाद्यावर उतरवताना नवशिका गोंधळे, की कोणता स्वर कोणत्या पडद्यावर? बेर्मुदो त्याला वेगवेगळ्या स्वरांपासून सुरू होणाऱ्या विहुएलांची चित्रे काढून देतो आणि सांगतो, की वाद्य तेच ठेव, फक्त ते या चित्रातले आहे असे मनात धर. आपली पेटीवाली मंडळी काळी एक, काळी चार म्हणत सा हलवतात, त्यातलाच हा प्रकार.

अभ्यासक्रमही तो क्रमाने लावून देतो. आधी हुआन वास्केसची सोपी गीते वाद्यावर उतरवावीत, मग मोरालेसच्या प्रार्थनारचना, मग जोस्कँ, आणि सर्वांत शेवटी गोंबेर, कारण त्याच्या रचनेत आवाज एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की मोकळी जागाच सापडत नाही. हे सगळे पचवण्याआधी स्वतःच्या रचना करायला बसू नये, असा त्याचा कटाक्ष आहे.

स्पॅनिशमध्ये लिहिल्याची किंमत त्याला मोजावी लागली का, याचे उत्तर थोडे तसे आहे. सालिनासला लॅटिनमुळे युरोपभरचे विद्वान वाचक मिळाले, तेवढे बेर्मुदोला मिळाले नाहीत. पण देशी भाषेत संगीतशास्त्र लिहिण्याची वाट मोडली नाही: १६१३ साली पिएत्रो चेरोने या इटालियन माणसाने नेपल्समध्ये, तेव्हाच्या स्पॅनिश सत्तेखाली, हजाराहून अधिक पानांचा संगीतग्रंथ छापला आणि तो स्पॅनिशमध्ये लिहिला.

आज हे वाचून काय मिळते?

विहुएला सोळाव्या शतकाबरोबरच मागे पडली आणि त्या काळची अस्सल वाद्ये आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती पुन्हा घडवणाऱ्या कारागिरांना तातांची जुळणी आणि पडद्यांच्या जागा यांसाठी या साधूच्या पानांकडे यावे लागते. गिटारविषयीही त्याने एक ओळखीची खूण सांगून ठेवली आहे: विहुएलाची पहिली आणि सहावी जोडी काढून टाकली, की उरते ती गिटार. घरात गिटार असेल तर पडताळून पाहता येईल. आजच्या गिटारच्या सर्वांत बारीक चार तारा एकमेकींपासून ज्या अंतरांवर जुळवतात, म्हणजे मध्यम, गांधार आणि पुन्हा मध्यम, तीच अंतरे बेर्मुदोच्या चार जोड्यांच्या गिटारला होती.

पडदे मात्र आता धातूचे आहेत आणि लाकडात ठोकून बसवलेले असतात. ७२ सेंटिमीटरची तार घेतली तर आजच्या हिशेबाने चौथा पडदा १४.८५ सेंटिमीटरवर येतो. स्वयंभू गांधाराची जागा १४.४०, बेर्मुदोच्या साखळीची १५.११, आणि ॲपचा काटा मधोमध येतो तो या दोहोंच्या मधल्या, आता कोणालाही सरकवता न येणाऱ्या पडद्यावर.